डब्यातली साखर, चिप्सचं सँडविच

सोमवार, ११ नोव्हेंबर

बार्शीच्या पतसंस्थेनं दिलेली ही डायरी बॅगेत टाकली तेव्हा वाटलं होतं, गिऱ्हाइकांची मापं लिहायला होईल. इथं कुणाची मापं घेऊ? दोहात येऊन दोन आठवडे झाले. अल मुंतझातल्या या तिसऱ्या मजल्यावर ब्लाऊजपीस घेऊन दार वाजवणारं कुणी नाही. बोलायला माणूस नाही, तर निदान लिहावं.

हे सकाळी कंपनीची पिकअप घेऊन इंडस्ट्रियल एरियात जातात, ते अंधार पडताना येतात. एसीच्या कामावर आता फोरमन झालेत. चौदा वर्षं बरवा अल बराहातल्या कामगारांच्या खोलीत काढली, दर दोन वर्षांनी सुट्टीवर घरी. यंदा कंपनीनं घरभाडं देऊ केलं, आमच्या मुलीचं, भैरवीचं, लग्न झालं, सासूबाई धाकट्या दिरांकडे गेल्या, तेव्हा म्हणाले, आता तरी ये. विमानतळावरून येताना गाडीतच मला बजावलं, "जन्मभर दहा माणसांचं केलंस. हितं फकस्त आपल्या दोघांचं. तिसऱ्याची भाकरी थापायची न्हाई."

ऐकून बरं वाटलं होतं. पण दोघांचं होऊन होऊन किती वेळात होणार? हे गेले की थोड्या वेळात ओटा पुसून मी मोकळी. मग दुपार अंगावर येते. या खिडकीतून त्या खिडकीत जाते. दोन्हींतून समोरच्या इमारतीचे एसीच दिसतात.

माझ्यासाठी म्हणून काचेचं डायनिंग टेबल आणलंय, दोन खुर्च्यांचं. त्यावरची धूळ मात्र दिवसातून चारदा पुसते. दुसरं काम नाही.

आता आहे तो फिरायला येण्याचा व्हिसा. कायमचं राहायचं की परत जायचं, हे डिसेंबर संपायच्या आत सांगायचंय, राहायचं ठरलं तर हे कंपनीत कागद भरून देतील. बार्शीचं शिलाईचं दुकान हाताखालच्या ममताच्या हवाली करून आलेय. पोरगी हुशार आहे, पण काज करताना घाई करते. एकाच गोष्टीचं समाधान आहे. ह्यांचा डबा रोज चाटूनपुसून येतो. धुऊनसुद्धा. घरी सुट्टीवर आले की पाण्याचा तांब्या हलवत नसत, इथं येऊन माणूस सुधारला म्हणायचा.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आज डबा उघडला तर खालच्या पुडात चिमूटभर साखर. चहाची सांडली असेल म्हणून धुऊन टाकली. धुण्याच्या पावडरीचा वास येतो डब्याला. भांड्याचा साबण नाही का मिळत त्यांच्या वर्कशॉपमध्ये?

शेंगा चटणी संपत आली. बार्शीहून आणलेली बरणी महिनाभर पुरेल असा अंदाज होता. हे म्हणाले, डब्यात जरा जास्त देत जा. एवढी चटणी एक माणूस खातो कसा? पोट बिघडेल म्हटलं. तर नुसते हसले.

रविवार, १७ नोव्हेंबर

समोरच्या दारातल्या आबिदाभाभी आज स्वतःहून आल्या. रत्नागिरीकडच्या. त्यांचे मिस्टर हाफिजभाई एका ट्रेडिंग कंपनीत कारकून आहेत. मुलगी निदाला मराठी सगळं समजतं आणि ती उत्तर इंग्रजीत देते. भाभी मला म्हणाल्या, "काय गो, कोंडून घेतलंस काय स्वतःला? घराला काय पाय फुटणार हाएत?" पहिल्या भेटीत असं बोलणारी बाई मला आवडते. जाताना ज्वारीचं पीठ कुठं चांगलं मिळतं ते सांगितलं, कढीपत्ता देऊन गेल्या.

डब्यात आज चार खजूर. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, दिलं कुणीतरी. इथं खजूर काय, कुणीही देतं.

बुधवार, २० नोव्हेंबर

रात्रीचं जेवण हा आता माझ्या जिवाला घोर झालाय. टेबलावर ताट वाढते. हे खुर्चीच्या टोकावर बसतात, बँकेत नंबर लागायची वाट बघत बसल्यासारखे. अर्धी भाकरी, जराशी भाजी आणि "तू घे, मला भूक न्हाई." मी जेवत असताना उठून बाल्कनीत जातात. परत येतात. पाणी पितात. टीव्हीचा रिमोट हातात घेऊन बंदच ठेवतात.

आज आमटीला येसराचा मसाला लावला होता, सासूबाईंच्या हातचा. घरी असताना या आमटीवर वाटीमागून वाटी रिचवायचे. आज एक वाटी घेतली आणि म्हणाले, चांगली झालीय. चांगली झालीय म्हणे. मी काय परीक्षेला बसलेय?

दिवसभर राबलेल्या माणसाला भूक कशी नसते? वजनही उतरलंय. शर्ट मी स्वतः शिवलेला, खांद्यावर कसा बसायला हवा ते मला ठाऊक आहे.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

सुट्टी. पिकअपमधून समुद्रावर नेलं. हवा छान होती. बोलायला काही सुचेना, तेव्हा मी गाडी आवरायला घेतली. सीटखाली कागदांचे बोळे सापडले, हिरव्या रेघांचा तेलकट कागद, सगळे एकाच जातीचे. एकात चीज लागलेलं होतं. काय हे म्हटलं, तर म्हणाले, कामावरच्या कुणाचं तरी असेल. आणि कान लाल झाले. लग्नाच्या बोलणीला आमच्या घरी आले होते तेव्हापासून मी ते कान ओळखते.

येताना त्यांना फोन आला. गाडीत आवाज मोठ्यानं यायला लागला. "रामेश्वरभाऊ, त्यो ठेचा परवाचा..." एवढंच ऐकू आलं आणि ह्यांनी फोन तोडला. कामाचा होता म्हणे.

एक कागद मी पर्समध्ये ठेवलाय. का ते माहीत नाही.

सोमवार, २५ नोव्हेंबर

कपडे वाळत घालताना आबिदाभाभींनी सहज विचारलं, "तुझे ते रोज सांजचे उभे राहून काय खातात गो? हाफिजनी दोनदा पाहिलं त्यांना, हितंच कुठंतरी. एकदम तल्लीन होऊन सँडविच खात होते म्हणे."

मी हसून म्हटलं, असेल, भूक लागत असेल. घरात आले आणि टेबलाची काच इतकी पुसली की फडकं फाटलं.

म्हणजे असं आहे तर. माझ्या भाकरीचं पुढं काय होतं ते देव जाणे, डबा मात्र पावडरीनं धुऊन आणायचा, म्हणजे बायकोला वास नको. आणि इथंच कुठंतरी येऊन सँडविच खायचं. चौदा वर्षं बाहेरचं खाल्लं, आता जिभेला तेच लागतं. मी कशाला आले मग? दुपारभर येरझाऱ्या घातल्या. रडले नाही. बार्शीत ज्या बाईच्या हातची भाकरी खाल्ल्याशिवाय पाहुणे उठत नाहीत, तिनं सँडविचसाठी रडायचं?

मंगळवार, २६ नोव्हेंबर

ते दुकान शोधायचंच, असं सकाळी ठरवलं. भाभींना कागद दाखवला. त्या म्हणाल्या, हे छोट्या कॅफेटेरियातलं, पण असे कॅफेटेरिया मुंतझात पावलोपावली. चल, यल्ला.

निघालो. तीन ठिकाणी गेलो. सगळीकडे केरळचीच माणसं, सगळीकडे दाट दुधाचा करक चहा, आणि बाहेर गाड्या उभ्या राहून हॉर्न वाजवतात. गाडीतून कुणी उतरतच नाही. आतला माणूस पळत येऊन खिडकीतून विचारतो आणि खिडकीतूनच पुडकं देतो. एवढे मोठे लोक, पण दोन पावलं चालायचा कंटाळा. पहिल्या दुकानात कागद पांढरा. दुसऱ्यात कागद हिरवा, पण रेघा नाहीत. तिथलं सँडविच घेऊन पाहिलं. गारढोण अंडं. ह्यासाठी माझी भाकरी टाकणार असतील, तर त्यांचं काही खरं नाही. तिसऱ्यात भाभींनी चहा घेतला आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "दुसरी बाई शोधतेस का दुकान शोधतेस गो?"

दोन्ही एकच, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

सापडलं.

आमच्याच इमारतीच्या मागच्या गल्लीत. मी पुढच्या दारानं जाते-येते म्हणून कधी दिसलं नव्हतं. एक खिडकी, एक तवा आणि बाहेर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. हिरव्या रेघांचा कागद खिळ्याला अडकवलेला. मी एकटीच गेले. भाभींच्या समोर अपमान नको होता.

मालकाचं नाव महमूद, वयानं माझ्या मोठ्या भावाएवढे. हिंदीत म्हटलं, इथं सगळ्यात जास्त काय खपतं ते द्या. त्यांनी पराठा तव्यावर टाकला, अंडं फोडून त्याच्यावरच पसरलं, चीज फासलं, मग चिप्सचं पाकीट घेऊन मुठीत असं चुरडलं आणि तो चुरा त्यावर ओतला. वर लाल तिखट सॉस. गुंडाळून कागदात दिलं. मी मनात म्हटलं, चिप्स? पोरांचा खाऊ घालतात जेवणात?

खाल्लं.

आता इथं खोटं लिहून काय फायदा? असलं चविष्ट मी दोहात येऊन काही खाल्लं नव्हतं. पराठा मऊ, आत चुरा कुरकुरीत, चीज गरम, तिखट मागून येतं आणि कानापर्यंत जातं. आणि किंमत बघावी तर इतकी कमी, की इथं एवढ्यात दुसरं काही यायचं नाही. उभ्या उभ्या संपवलं. बोटं चाटली. मग इतका राग आला की काय सांगू. वाईट असतं तर भांडता आलं असतं.

शनिवार, ३० नोव्हेंबर

राहवलं नाही म्हणून पुन्हा गेले. सरळ विचारायला. महाराष्ट्राचा एक उंच माणूस संध्याकाळी येतो का? महमूदभाई लगेच म्हणाले, "रामेश्वरभाई? रोज़ आता है. बहुत भूखा आता है. रोज़ बोलता है दो बनाओ, फिर बोलता है नहीं, एक ही बनाओ."

दुसरं कुणासाठी, ते त्यांना माहीत नव्हतं. खातात कसे म्हणून विचारलं. इथंच, भिंतीकडे तोंड करून, घाईघाईनं. मग नळावर हात-तोंड धुतात, शर्टावरचा चुरा झटकतात आणि निघतात.

चोरी करून आल्यासारखं घरी येतात तर. आणि ते दुसरं सँडविच कुणाचं? रोज कुणाची तरी आठवण येते आणि रोज मन आवरतात. इतकं मन आवरावं लागतं अशी ती कोण?

ममताला मेसेज केला, दुकानाची दुसरी किल्ली तयार ठेव, जानेवारीत येते. तिचं लगेच उत्तर आलं, या काकू, काज तुम्हीच करा. ते वाचून मात्र रडू आलं. माझी गरज असलेली एक तरी जागा आहे.

सोमवार, २ डिसेंबर

जायचंच आहे, पण हरून नाही जायचं.

दुकानातून चिप्स आणले, चीजची बाटली आणली, तो लाल सॉस आणला. पराठे मी काय त्या महमूदपेक्षा वाईट लाटते? दुपारभर करत बसले. पहिला कडक झाला, दुसऱ्यात चिप्स नरमले. चुरा अगदी शेवटी घालायचा, हे तिसऱ्याला कळलं. चौथा निदाला दिला. तिनं डोळे मिटून खाल्ला आणि "ओ माय गॉड आंटी" म्हणाली. खलास. माझं काम झालं.

तुम्हाला सँडविच पाहिजे ना? घ्या सँडविच.

बुधवार, ४ डिसेंबर

सकाळी डब्यात भाकरी दिली नाही. खालच्या पुडात सँडविच, वरच्या पुडात सँडविच, मधल्यात चटणीच्या जागी सॉस. झाकण लावलं आणि हसत हातात दिला. डबा हलका लागला म्हणून ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि निघाले.

दिवस जाता जाईना. डोळ्यांसमोर सारखं एकच, डबा उघडतील तेव्हा तोंड कसं होईल. संध्याकाळी आले. डबा ओट्यावर ठेवला, आंघोळीला गेले. मी उघडला. स्वच्छ धुतलेला. आत पॅनॅडॉलची पट्टी, ताप-डोकेदुखीच्या गोळ्यांची.

पॅनॅडॉल! म्हणजे माझं डोकं फिरलंय असं म्हणायचंय का ह्यांना? बाहेर आल्यावर विचारलं, हे काय? म्हणाले, ठेव, लागली तर घे. आणि जेवायला बसले तर आज काहीच गेलं नाही. एक घाससुद्धा. मी मुद्दाम ह्यांच्या आवडीचं पिठलं केलं होतं. पिठलं टेबलावर थिजत गेलं आणि आम्ही दोघं काचेतून आपापल्या पायांकडे बघत बसलो.

गुरुवार, ५ डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहायला पाहिजे.

सकाळी रागारागात डबाच दिला नाही. म्हटलं, बाहेरच खा. हे मान खाली घालून गेले. दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "वैनी, मी धोंडीराम. मंगळवेढ्याचा. भाऊंच्या खोलीवरचा."

मला धोंडीराम कोण ते माहीत नव्हतं. त्यांनीच सांगितलं, रामेश्वरभाऊंच्या खालच्या पलंगावर झोपायचो, नऊ वर्षं. मग अडखळत विचारलं, "ताप उतरला का वैनी? गोळी घेतली का? काल डब्यात भाकरी न्हवती, तवाच आमी वळखलं, वैनी आजारी हायत म्हणून. आज तर डबाच न्हाई. आमच्यापायी उठून करू नका बरं का. आमी काय, हाय की आमचं डाळ-भात."

मी विचारलं, आमच्यापायी म्हणजे?

तो माणूस गडबडला. पण बोलून बसला होता. दुपारच्या सुट्टीत सगळे खोलीवाले एकत्र बसतात, वर्कशॉपच्या मागं, सावलीला. खोलीचा पहिल्यापासूनचा नियम आहे, कुणाच्याही घरून काही आलं, लाडू येवो की लोणचं, ते पेपरवर मधोमध ठेवायचं आणि सगळ्यांचे हात आल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. सुट्टीवरून कुणी आलं की दोन दिवस चंगळ, मग पुढची वर्षभर वाट. आणि आता रामेश्वरभाऊंच्या घरून रोजच येतं. "घासभरच मिळतंय वैनी, सात जणांत दोन भाकरी. पन त्यो घास... सुदाम तर चटणीचं बोट दुपारभर धूत न्हाई." डबा धुवायची पाळी लावलेली आहे. धुणं धुवायच्या पावडरीनं धुतात. आणि दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं कसं परत द्यायचं, म्हणून असेल ते घालतात. साखर, खजूर. काल गोळ्या घातल्या.

मी फोन कानाला लावून ओट्याशी उभीच राहिले. रिकामं भांडं परत देऊ नये, हे मला माझ्या आईनं शिकवलंय. शेजारणीची वाटीसुद्धा मी कधी रिकामी दिली नाही. मग माझाच डबा साखर घालून माझ्याकडे परत येत होता, तेव्हा मला कळायला काय झालं होतं? आपल्याच घरचा डबा आपल्याच घरी कुणी साखर घालून आणतं का?

धोंडीरामभाऊंना म्हटलं, ताप उतरला. उद्या सुट्टी, परवा डबा येईल.

शुक्रवार, ६ डिसेंबर

सकाळी चहा ठेवला आणि विचारलं. आधी शांतपणे विचारायचं ठरवलं होतं. तोंडातून भलतंच निघालं, मी आल्यापासून माझी भाकरी तुम्ही एकदा तरी पोटभर खाल्लीय का?

ह्यांनी रिकामा कप टेबलावर फिरवला. मग म्हणाले, "तुला गाडीत म्हणालो व्हतो, तिसऱ्याची भाकरी थापायची न्हाई. मग कुठल्या तोंडानं सांगू, सहा जणांची थाप म्हणून?"

मग एकट्यानं खायचं होतं, मी म्हटलं. लगेच लाज वाटली, पण म्हटलं.

"त्यांच्या म्होरं? दुर्गा, त्यांच्या घरच्या पार्सलातलं चौदा वर्षं खाल्लंय मी. धोंडीरामच्या आईचे तिळाचे लाडू खाल्लेत, ती म्हातारी मी बघितली पन न्हाई कधी."

मग सगळं निघालं. डबा सात जणांत जायचा, पोटात कावळे घेऊन संध्याकाळपर्यंत काम, आणि घरी येऊन राक्षसासारखं जेवलो तर हिला कळेल डबा पोटात गेला नाही. म्हणून खालीच सँडविच. मी विचारलं, आणि दुसरं कुणाचं? महमूदला दोन सांगायचात.

कान लाल झाले. म्हणाले, तुझं. पहिल्या दिवसापासून वाटायचं, हे दुर्गाला आवडेल, कुरकुरीत लागतं तिला. पण तू दिवसभर राबून ताट वाढणार आणि मी त्याच्यासमोर हे कागदातलं आणून ठेवणार, म्हणून शेवटच्या क्षणी नको म्हणायचो.

मला एकदम इतका राग आला आणि इतकं भरून आलं की चहा उतू गेला. या माणसाबरोबर संसार करून मुलगी सासरी गेली आणि आम्ही दोघं एकमेकांची मनं राखायला किती लांब उभे राहतो! लहान पोरं बरी, हिसकावून घेतात.

मी दोन अटी घातल्या. उद्यापासून डबा सात जणांचा. पण पहिली भाकरी तव्यावरून थेट ह्यांच्या ताटात, सकाळी, माझ्यासमोर बसून खायची, मगच घराबाहेर पडायचं. एवढंच बोलले, "मग हितं पन राबायचंच का तू?" मी म्हटलं, ते माझं मी बघीन.

सोमवार, ९ डिसेंबर

डबा आता एक नाही, दोन. मोठं पातेलं वेगळं. पीठ आणायला हाफिजभाईंची गाडी घ्यावी लागली. सकाळी हात भरून येतात.

आणि मन? एका मनाला वाटतं, काय गं बाई तू, दहा माणसांच्या रगाड्यातून सुटून समुद्र ओलांडून आलीस ती परत सात जणांच्या भाकरी थापायला. तिथं निदान अंगण होतं. दुपार अजूनही अंगावर येते, फक्त थोडी उशिरा येते. आबिदाभाभींच्या दोन मैत्रिणी ब्लाऊज आणि कुर्ता घेऊन आल्या होत्या, मशीन मिळेल का बघते. ममताला अजून काही कळवलेलं नाही. ह्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. हे सकाळी भाकरी खातात, पण अजून खुर्चीच्या टोकावरच. संध्याकाळी जेवतात, पण बोलताना माझ्याकडे न बघता टेबलाकडे बघतात. आम्ही एकमेकांच्या घरी पाहुणे आलोय असं वाटतं.

डब्यात आज संत्रं. वरती पेनानं "वैनी" लिहिलेलं, सालीवर.

बुधवार, १८ डिसेंबर

कतारचा राष्ट्रीय दिवस. सगळीकडे मरून-पांढरे झेंडे, गाड्यांचे हॉर्न सकाळपासून. सुट्टी असूनही अर्ध्या दिवसाचं तातडीचं काम म्हणून ह्यांना जावं लागलं. मी खिडकीत बसून झेंडे बघितले, कंटाळले, डायरी उघडली, मिटली, पुन्हा खिडकीत. व्हिसाचे कागद टेबलावर आठवडाभर पडलेत, न भरलेले. मी त्यांच्याभोवतीनं काच पुसते.

हे आले तेव्हा डबा हातात जपून धरलेला होता. ओट्यावर न ठेवता माझ्याच हातात दिला. जड होता. उघडला तर खालच्या पुडात हिरव्या रेघांचा कागद, अजून गरम. वरच्या पुडात दुसरा.

"आज दोन सांगितली," हे म्हणाले, "आन् दोन्ही आणली."

मी ताटल्या काढायला वळले, तर हे टेबलाकडे गेलेच नाहीत. महमूदभाईंकडून आणलेला मल्याळी पेपर फरशीवर पसरला, मांडी घालून बसले. मला आठवेना, या घरात ह्यांना असं सैल बसलेलं कधी पाहिलं ते. मीही समोर बसले. गुडघे किरकिरले, पण बरं वाटलं. त्या खुर्च्या मलाही कधी आवडल्या नव्हत्या.

ह्यांनी दोन्ही सँडविचचे कागद सोडून ती पेपरच्या मधोमध ठेवली, तुकडे केले. आणि मग हात मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले. खाली कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मी म्हटलं, खा की, चिप्स नरम पडतील.

"तुझा हात येऊ दे," हे म्हणाले.

मी हात घातला. मग ह्यांनी घातला. पहिला घास खाऊन झाल्यावर मी म्हटलं, टेबलावरचे ते कागद आज भरू, उद्या देऊन टाका. ह्यांनी पेपरवर सांडलेला चिप्सचा चुरा बोटांनी गोळा केला आणि माझ्या बाजूला सरकवला.